बायची नडगी

बाय,

मंडळाची पोरं घरी येऊन गेली. "तात्या, तुमच्या थोरल्या बहिणीवर, पारूबायवर दोन शब्द लिहून द्या, छापायचेत," म्हणाली. कसं लिहायचं तेही सांगून गेली. माहेर कुठलं, मागं कोण कोण, आणि शेवटी 'अत्यंत मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या'. मी म्हटलं, बाकीचं तुमचं तुम्ही लिहा, पण मनमिळाऊ हा शब्द माझ्या हातून उतरायचा नाही. मनमिळाऊ बाई असती तर एक पाय देऊन मुकाट घरात बसली असती. तू बसलीस का?

तेव्हा त्यांना काही देत नाही. जे आहे ते तुलाच लिहितो, छापायचं तर छापतील. माझी शाळा चौथीतच सुटली, ओळ वर-खाली जाते. तू शाळेचं दारही पाहिलं नव्हतंस, म्हणून नावं ठेवू नकोस. मास्तरांनी मारलं आणि मी पाटी फेकून घरी आलो, त्या दिवशी आईनं रडून गोंधळ घातला होता. तू डोक्यावरची मासळीची टोपली खाली ठेवलीस, माझं मनगट धरलंस आणि किनाऱ्यावर होडी बांधत असलेल्या मिस्त्रीसमोर मला उभं केलंस. "याच्या हातात वाकस द्या. पाटी याला पेलवत न्हाय." लाकूड तासायच्या त्या वाकसावर मी म्हातारा झालो. आपल्या थळ गावातल्या निम्म्या होड्यांच्या कुशीत माझी एखादी फळी निघेल. हे उपकार मानायचे म्हणून लिहीत नाही. झालं तसं लिहितो.

आता पायाचं.

धक्क्यावर बर्फाचा क्रेट घसरला आणि तुझ्या उजव्या नडगीवर बसला. पहिल्या दवाखान्यात मोडलेल्या हाडाला स्टीलची पट्टी घालून स्क्रू मारले. वरून जखम भरली, आतून पिकली. पू थांबेना. शेवटी तुझ्या लेकानं, सुनीलनं तुला मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं फोटो उजेडाला धरून सांगितलं, मधला हाडाचा तुकडा सडलाय, काढावाच लागेल. काढला. मग तुझ्या नडगीत वरचं हाड वर, खालचं खाली आणि मध्ये बोटभर नुसती पोकळी राहिली. एक डॉक्टर म्हणाले, आजींचं वय झालंय, गुडघ्याखालून पाय काढू, लवकर घरी जातील.

मला ते पटलं. आजही लिहितो की पटलं. मी त्याच दिवशी गावी येऊन होड्या बांधायच्या माझ्या शेडवर सागाचा एक ओंडका बाजूला काढला, सरळ रेषेचा, गाठ नसलेला. परत मुंबईला येऊन तुझ्या खाटेशी उभा राहिलो. "बाय, पाय मी करतो. असा करीन की दवाखान्यातल्या बाया विचारतील कुठून आणला."

"तुज्या सागाला वाळवी लागंल."

"सागाला वाळवी लागत न्हाय."

"मग तुज्या घरच्या दाराला काय लागलंय? गोवर?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून खोकायला लागली. तितक्यात एक डॉक्टरीणबाई आली. सुनीलपेक्षाही लहान, पण बोलणं शांत. तिच्या हातात साबणाच्या वडीएवढा एक पांढरा तुकडा होता.

"मावशी, पायात जी पोकळी आहे ना, तिथं आम्ही असा सांगाडा बसवणार," ती म्हणाली. "याला आरपार बारीक भोकं आहेत, एकातून दुसऱ्यात जाणारी. तुमच्याच खुब्याच्या हाडातला मगज काढून यात मुरवायचा. मग दोन्ही बाजूंनी रक्त येतं, आणि भोकांमधून तुमचं हाड चढत येतं. हाड चढलं की हा हळूहळू विरत जातो."

तू तो तुकडा हातात घेतलास. नखानं खरवडलास, नाकाला लावलास आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडलीस, "अगो बाय, ही तर माकलाची पाठ!"

किनाऱ्यावर न राहणाऱ्यांसाठी सांगतो. माकूल मासळीच्या पाठीत एक पांढरं, हलकं, भुसभुशीत हाड असतं. माकूल मेला की ते तरंगत किनाऱ्याला लागतं. सोनार नेतात, पोपटाच्या पिंजऱ्यातही टांगतात. आयुष्यभर ते तुझ्या पायाखाली कुरकुरलं, तेव्हा दुसरं काय आठवणार तुला?

डॉक्टरीणबाई हसली. "दिसायला तसंच आहे, मावशी. पण हे आम्ही लॅबमध्ये तयार करतो. हाडात जे कॅल्शियम असतं, तेच."

"व्हय, व्हय. माकूल बी त्याच्या ल्याबमधीच करतो."

मी तिला सरळ विचारलं, "बाईसाहेब, मग अंगाचा भार कोण धरणार? हा तुकडा, का हाड?"

"आधी पट्टी धरेल, काका. मग दोन्ही मिळून. शेवटी हाड. पण शंभर टक्के जमेल असं मी म्हणत नाही. मावशींचं वय आहे, आधी पू झालेला. कदाचित नाही जमणार."

ती खोटं बोलली नाही म्हणून मला आवडली. पण तू तिला पुढं बोलू दिलंस कुठं? "भार माजा हाय," म्हणालीस, "मीच धरीन."

आधी पू पुरता जाईस्तोवर डॉक्टर थांबले, मग तुझ्या पायात तो सांगाडा आणि हाडाला बाहेरून नवी पट्टी बसली. तू घरी यायच्या आत गावभर झालं की पारूबायच्या पायात माकूल भरलाय. सुनील दारोदार सांगत फिरला, माकूल नाही हो, कॅल्शियम आहे. कोण ऐकतो? आणि ऐकायला तूच तयार नव्हतीस. तुला ते आवडलं होतं. पुढं बाजारात परत बसायला लागलीस, तेव्हा कुणी गिऱ्हाईक मासळी उलटीपालटी करून ताजी आहे का विचारायला लागलं की तू लुगडं वीतभर वर घेऊन नडगी दाखवायचीस. "माज्या पायात माकूल हाय, बाई. तू मना ताजं-शिळं शिकवतीस?" गिऱ्हाईक निमूट पिशवी पुढं करायचं.

मी गुरुवारी मुद्दाम तुझ्या पडवीवर यायचो. तुझा उपास. "काय बाय, उपास का? मग पायाला काय सांगितलंस? तो तर रात्रंदिस म्हावरं घेऊन बसलाय."

"तुज्या डोक्यात भुसा भरलाय, त्याचा उपास मोडतो का?"

असं चालायचं. पण गमतीच्या खाली आपलं खरं भांडण होतं आणि ते मी सोडलं नाही. माझं म्हणणं एकच. परकं ते परकंच. जुन्या होडीत नवी फळी बसवली, काथ्या ठोकला, राळ लावली, रंग दिला, पाणी आत येत नाही, होडी खांदेरी बेटाच्या पुढं जाऊन येते. सगळं खरं. तरी अंगठा फिरवला की सांधा लागतो. फळी होडीत असते, होडीची होत नाही.

तू म्हणायचीस, "तुजी फळी मेलेली हाय, बाल्या. माज्यात रगत हाय."

नातवंडं झालेल्या माणसाला चारचौघांत बाल्या म्हणायचीस.

दर खेपेला मुंबईहून फोटो यायचा आणि तू मला घरी बोलावून तो खिडकीला लावायचीस. पहिल्या फोटोत मधला भाग मिठाच्या खड्यासारखा पांढराफेक, कडा कापल्यासारख्या. मी म्हटलं, बघ, फळी. पुढच्यात कडा धुकटल्या. मी म्हटलं, फोटो नीट निघाला नाही. त्याच्याही पुढच्यात वरचं हाड खाली आणि खालचं वर असं काहीतरी ढगासारखं सरकलेलं. डॉक्टरीणबाईनं सुनीलला सांगितलं होतं की मावशींचं हाड चढतंय. तू मला ते तीनदा बोलून दाखवलंस. मी तिन्ही वेळा चहा प्यालो आणि उठलो.

आणि मग एक दिवस तू काठी घरी ठेवून शेडवर आलीस. मी एका होडीच्या कुशीला फळी तासत होतो. तू होडीला हात लावून उभी राहिलीस, डावा पाय उचललास आणि उजव्या पायावर, त्याच नडगीवर, सगळा भार टाकलास.

"बघ."

"होडीला धरून हायस," मी म्हटलं.

तू हात सोडलास.

वाऱ्यानं तुझं लुगडं फडफडत होतं. तू हलली नाहीस. मी मान खाली घालून वाकस चालवत राहिलो. त्या दिवशी ती फळी अशी तासली गेली की होडीला नाही, चुलीला लागली. तेव्हा तुला एक शब्द बोलायचा होता मला. बोललो नाही. इथंही लिहिणार नाही. तू समजून होतीस, म्हणून तर जाताना पाय आपटत गेलीस.

पुढं गावात एका हळदीला तुझा धाकटा दीर पांडू पंगतीत बोलला. "वैनी आमची लय जगो. पन गेली तर त्या पायाचं काय करायचं, त्याचा विचार करायला लागंल. अस्थी मानसाच्या जातात, म्हावऱ्याच्या न्हाय." लोक हसले. तूही हसलीस. पण परत येताना वाटेत थांबलीस, माझा दंड धरलास. हसू नव्हतं तोंडावर.

"बाल्या, मी गेले तर माजी समदी हाडं दर्यात जायला पायजेत. समदी. ही नडगी मागं ऱ्हायली तर मी लंगडी जाईन."

"सुनीलला सांग."

"सुनील काकापुढं मान वर करत न्हाय. तुला सांगते."

सगळ्या गावात तुझ्या त्या हाडाच्या विरुद्ध बोलणारा मी, आणि तू त्याची राखण मलाच दिलीस. हे कसलं डोकं, बाय?

तू गेलीस, ती त्या पायानं नाही. पाय शेवटपर्यंत खणखणीत होता. बाजारातून आलीस, टोपली धुतलीस, पालथी घातलीस, पडवीत भिंतीला टेकलीस आणि उठली नाहीस. छातीनं दगा दिला. तुझी सून सांगत आली तेव्हा मला वाटलं, तुझीच काहीतरी नवी मस्करी असेल.

सरणावर लाकडं रचत होते तेव्हा मी शेडवरून तो सागाचा ओंडका घेऊन आलो. इतकी वर्षं तिथंच पडून होता. कुणाला दिला नाही, कशाला वापरला नाही. सुनील म्हणाला, "मामा, साग कुणी जाळतं का?" मी म्हटलं, "हा तिच्या नावाचा हाय." आणि तुझ्या उजव्या पायाखाली सरकवला. तुझा पाय मी करणार म्हटलं होतं ना. आणला की नाही?

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. पाणी शिंपडून राख थंड केली, दूध शिंपडलं आणि सगळे वाकून हाडं वेचून मडक्यात घालायला लागले. सुनीलनं आधी डोक्याकडची वेचली. मी पायाकडं बसलो. सागाचा मागमूस नव्हता. एवढं पोसलेलं लाकूड, ढलपीसुद्धा शिल्लक नव्हती. पण पट्टी होती, काळी पडलेली, आणि तिच्या पोटाशी चिकटून तुझ्या नडगीचा टीचभर तुकडा.

पांडू माझ्या मागं उभाच होता. "तेवढं ऱ्हाऊ द्या. बाजूला काढा, रेतीत पुरू. ते वैनीचं न्हाय. वैनीच स्वतः सांगायची ना बाजारात, पायात माकूल हाय म्हणून? मंग?"

बघ, बाय, तुझी जीभ कशी उलटली ते. डॉक्टरीणबाईचं ऐकून कॅल्शियम म्हणाली असतीस तर हा बोललाच नसता.

सुनीलनं काकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हातातलं मडकं नुसतं धरून राहिला. कुणीतरी पुटपुटलं, कशाला वाद, पुरून टाका.

मी तो तुकडा उचलला. आगीनं स्क्रू ढिले झाले होते, पट्टी हातात सुटून आली. ती मी पांडूच्या पायाशी टाकली. "हे परकं. हे घे. हे तिच्यात इतकी वर्षं ऱ्हायलं आणि आगीतनं जसंच्या तसं वेगळं निघालं. आता या हाडातलं माकूल मला वेगळं काढून दाव. वैनी कुठं संपते आणि माकूल कुठं सुरू व्हतो, तिथं बोट ठेव. ठेवलंस तर माज्या हातानं रेतीत पुरतो."

पांडूनं चष्मा लावला. तुकडा उलटा केला, सुलटा केला, सूर्याकडं धरला. "हितं जरा जाड लागतंय," म्हणाला.

"जाड तर तू बी हायस. म्हणून काय तुला घरच्यांनी पुरायचा?"

हसू नये अशी जागा ती. पण हसले सगळे. सुनीलसुद्धा, रडता रडता.

पांडूनं तुकडा मला परत दिला. आता, बाय, पुढचं त्यांच्यातल्या कुणाला कळलं नाही. मी तो लगेच मडक्यात टाकला नाही. आधी मी स्वतः अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत उलटा, मग डोळे मिटून. होडीला फिरवतो तसा. स्क्रूची भोकं लागली. एक उंचवटा लागला. सांधा शोधत होतो मी. तो सापडला असता तर आपलं भांडण मी जिंकलो असतो आणि तुझी नडगी रेतीत गेली असती, कारण शब्द दिला होता चारचौघांत, आणि माझा शब्द मी फिरवत नाही. एकाच अंगठ्याला सांधा हवाही होता आणि नकोही होता. असला अंगठा घेऊन मी कधी होडीला हात लावला नव्हता.

नाही सापडला.

"घाल मडक्यात," मी सुनीलला म्हटलं. आवाज कसा निघाला ते मला माहीत नाही, पण पांडू दोन पावलं मागं सरकला.

सुनीलच्याच होडीतून तुला नेलं. जन्मभर धक्क्यापर्यंत आलीस, होडीत माल चढला-उतरला ते पाहिलंस, पण दर्यात कधी गेली नाहीस. खांदेरी समोर दिसायला लागली तसं सुनीलनं इंजिन बंद केलं. मागं किनाऱ्यावर कारखान्याची चिमणी, भोवती नुसतं पाणी. मडक्यातलं बाकी सगळं त्यानं सोडलं. नडगी मी मडक्यातून काढून माझ्या हातात ठेवली होती. ती शेवटी सोडली. हलकी होती, तरी तरंगली नाही. माकलाची पाठ असती तर तरंगली असती, बाय. ते मी पांडूला मुद्दाम घरी जाऊन सांगून आलो. दार आपटलं त्यानं.

तू लंगडी गेली नाहीस. तेवढं काम झालं.

आता तुझ्या जागेवर सून बसते बाजारात. हळू बोलते, भाव लगेच सोडते, तुला पाहवलं नसतं. शिकेल. नाही शिकली तर मी आहे.

काल शेडवर गेलो. गेल्या साली जिची फळी बदलली ती होडी दुरुस्तीला आली आहे. सगळ्यात आधी तिच्या कुशीवर अंगठा फिरवला. सांधा लगेच लागला, जिथं असायला हवा तिथं. म्हणजे अंगठा शाबूत आहे, म्हातारा झालेला नाही. हे तुला कळावं म्हणून लिहितो.

मी हरलो असं यात कुठंही लिहिलेलं नाही, नीट बघून घे. फळी ती फळीच, हे माझं म्हणणं मी सोडत नाही. तुला उलट उत्तर द्यायचं असेल तर स्वतःच्या पायांनी यावं लागेल. दोन्ही दिलेत तुझे तुला.

बाल्या